ज्याने लावला, त्यानेच काढायचा

प्रिय अहो,

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लागणार कसा, उशीखाली मोजा आहे. तोच, आपल्या पोरीचा, लाल, टाचेला निळ्या दोऱ्याने शिवलेला. तू गेल्यापासून मी तो शोधत होते. काल दिवेलागणीला तो आपल्या पायाने चालत आल्यासारखा घरी आला. आणि आज सकाळी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, सगळ्या कारखान्यापुढे उभं राहून मला सांगायचंय की माझा नवरा त्या दिवशी तो मोजा लावायला विसरला.

आता बाहेर फटफटलंय. पोरगी पालथी झोपलीय, तुझ्यासारखाच एक पाय पांघरुणाबाहेर. मी ओट्यापाशी उभी राहून लिहितेय, कारण एका जागी बसवत नाही. चहा ठेवला तो उतू गेला, परत ठेवला तोही प्यायले नाही. पावाच्या वेष्टनाचे कागद आहेत ना, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. पत्र कसं लिहितात ते मला धड येत नाही. वर नाव घालायचं असतं म्हणे. पण तुझं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. चारचौघांत अहो आणि दार लावलं की तू, असंच आपलं चाललं. म्हणून वर अहो लिहिलंय आणि खाली तू लिहितेय. हसलास तर हस, पण चुका काढत बसू नकोस.

तुला यातलं बरंच माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार. डोक्यात सगळा गुंता झालाय, त्याचं एक टोक सापडलं तरी पुरे.

तर पाटीपासून सुरू करते. पाव-कारखान्यात तू फिटर. हंडा बिघडला की आत उतरायचं काम तुझं. हंडा म्हणजे ते पीठ मळायचं मशीन. तू मला पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी म्हटलं होतं, यात तर आपली खोली भांड्याकुंड्यांसकट मावेल. आत तो वाकडा लोखंडी हात. तू आत असलास की बाहेर, हंडा सुरू करायच्या खटक्यावर पाटी लटकवायची, आत माणूस आहे म्हणून. पण ती पाटी रोजच लटकलेली असायची, आत माणूस असो की नसो. काढायचा कंटाळा. तू म्हणायचास, रोज दिसणारी वस्तू कुणाला दिसत नाही. मग एकदा पाटीची तार तुटली, आणि ऑफिसातलं टेबल डुगडुगतं म्हणून कुणीतरी ती टेबलाच्या पायाखाली सारली. त्या दिवशी घरी आलास आणि पोरीचे लहान झालेले मोजे मागितलेस. मी म्हटलं, का, मशीनला पाय फुटले का.

तू हसला नाहीस. म्हणालास, पाटी सगळ्यांची असते, मोजा माझ्या लेकीचा आहे, तो काढताना माणसाचा हात एकदा तरी अडखळेल. आणि नियम एकच केलास. ज्याने लावला, त्यानेच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना.

तेव्हा सगळ्यांना मजाच वाटली. सुपरवायझर म्हणाला, हा कारखाना आहे की बालवाडी. तुझं नाव मोजेवाला पडलं ते पडलंच. नळावर बायका मला मोजेवाली म्हणायला लागल्या, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. लंबूभावजी तर हात धुऊन मागे लागायचे. शेजारची खोली, मधे एकच भिंत, तुझा जिगरी, आणि हंड्याचा खटका त्यांच्या ताब्यात. काम संपवून तू बाहेर आलास आणि मोजा काढायला विसरलास की ते गुपचूप तो खिशात घालायचे आणि तुला कारखानाभर फिरवायचे. काय मोजेवाले, लेक एका पायाने अनवाणी फिरतेय की तुमची. तू सगळ्यांना चहा पाजलास की मग मोजा परत. घरी येऊन तू सगळं नक्कल करून सांगायचास, लंबूभावजींसारखी मान वाकडी करून, आणि आपण दोघं हसायचो. पोरगीही हसायची, तिला काही कळत नसताना.

इथे जरा थांबले होते. खिडकी उघडून आले.

जोडीतला दुसरा मोजा माझ्या भावाने नेला, आठवतंय ना. ट्रक घेऊन इकडून चालला होता, एक दिवस राहिला. त्यालाही पहिल्यांदा हसूच आलं. दाजी, हे काय पोरखेळ. तू त्याला एवढंच विचारलंस, तू ट्रकखाली झोपून काम करतोस तेव्हा वर किल्लीपाशी कोण असतं रे. जाताना म्हणाला, ताई, तो दुसरा मोजा पडलाय का कुठे. अजून स्टिअरिंगला बांधतो. कधी मी भलत्या वेळी फोन केला की म्हणतो, ताई, मोजा लावलाय, नंतर बोलतो. म्हणजे समजायचं, हा खाली आत आहे, त्याला बोलण्यात गुंतवायचं नाही.

तो दिवस मी लिहीत नाही. मला काय सांगितलं तेवढं लिहिते. मोठे साहेब आणि सुपरवायझर दोघं घरी आले, चपला बाहेर काढून आले. म्हणाले, खटक्यावर काही नव्हतं. रोज लावायचा, त्या दिवशी नेमका विसरला. माणूस आहे, होतं असं. मागे लंबूभावजी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते, आणि दारात जमलेल्या बाकी कामगारांनी माना हलवल्या. तुझे कपडे मला पिशवीत घालून दिले. खिशात पाना होता, पोरीसाठी घेतलेलं अर्धं बिस्किट होतं. मोजा नव्हता. मी घर पालथं घातलं. गादीखाली, कपड्यांच्या गाठोड्यात, ओट्याच्या मागे. मला वाटलं, घरीच राहिला असेल. घरीही नव्हता.

मग मी तुझ्यावर चिडले. तुला नसेल ऐकू आलं, पण खुंटीवर तुझा शर्ट आहे ना, त्याच्याशी मी रोज भांडत होते. सगळ्या जगाला शिकवत फिरलास आणि स्वतः विसरलास. मोजा विसरलास म्हणजे आम्हाला विसरलास, असं बोलायचे. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत बसायची. तेव्हा रांगत होती, आता पळते. शीळ घालायला बघते, नुसती हवा येते आणि थुंकी उडते. तुझीही शीळ काही सुरात नव्हती म्हणा. पण हंड्यातून ती ऐकू आली की पॅकिंगच्या बायकाही म्हणायच्या, मोजेवाला आत आहे वाटतं.

मला त्यांनी पॅकिंगला घेतलं. खोली राहू दिली. सुपरवायझर माझ्याशी वाईट वागला नाही, तेही लिहायला पाहिजे. पोरगी तापली होती तेव्हा स्वतः म्हणाला, जा घरी, मी बघतो. आणि लंबूभावजी. मी उठायच्या आधी रोज दारात पाण्याची बादली भरून ठेवायचे. छपराचा पत्रा वाजायला लागला तर न सांगता ठोकून गेले. पण उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत, माझ्या हातचा चहा घेतला नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. हंड्यावरचं काम सोडून भट्टीकडे बदली करून घेतली त्यांनी. मला वाटायचं, केवढा जीव होता यांचा तुझ्यावर.

आणि तुझ्या नावाचं काय झालं ते सांगते. नवीन पोरगं कामाला लागलं की त्याला म्हणतात, नीट बघ, मोजेवाला करू नकोस. म्हणजे विसरू नकोस. मोजेवाला करणं. ज्यांनी तुला कधी बघितलं नाही तेही असं बोलतात. परवा पिशव्या बांधताना माझ्या शेजारच्या मुलीच्या हातून लेबल लावायचं राहिलं, तर तीच कपाळावर हात मारून म्हणाली, अगं बाई, मोजेवाला केला की मी. मग तिला आठवलं मी कोण आहे ते. जीभ चावली तिने. मी म्हटलं, असू दे. खाली मान घालून पाव भरत राहिले. मनात म्हटलं, पोरगी मोठी होईल तेव्हा तिला काय म्हणतील. विसरभोळ्याची पोरगी.

तर आजचा कार्यक्रम. बाहेरून कुणी बडे साहेब येणार आहेत, कामगारांनी जिवाला कसं जपावं यावर बोलणार आहेत. सुपरवायझरने मला बोलावून घेतलं. म्हणाला, तुम्ही दोन शब्द बोला, आमच्या शंभर पाट्यांपेक्षा तुमचं लोक ऐकतील. कागदही दिला, मोठ्या अक्षरात छापून. माझे पती चांगले कारागीर होते, पण त्या दिवशी ते एक छोटीशी गोष्ट विसरले. तुम्ही विसरू नका. घरी तुमची कोणीतरी वाट बघत आहे. एवढंच आहे. मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. मला वाटलं, विसरलास तर विसरलास, पण तुझ्यामुळे आणखी एखाद्याला घरी यायला मिळालं तर तेवढंच तुझं नाव राहील. पाव भरता भरता मी ते पाठ केलं. काल सकाळी पोरीपुढे उभं राहून म्हणून दाखवलं, तिने टाळ्या वाजवल्या. तुझा फोटोही लावणार आहेत हंड्याशेजारच्या भिंतीवर. लग्नातला मागत होते, तो मी दिला नाही. ओळखपत्रावरचा दिला, ज्यात तू शिंकायच्या बेतात आहेस.

आणि मग काल वहिनी आल्या. लंबूभावजींची बायको. दारात उभ्या, एक मूठ घट्ट मिटलेली. मी म्हटलं, या ना. तर तिथूनच म्हणाल्या, उशीचा अभ्रा धुवायला काढला. वर्षभर हात लावू देत नव्हते, म्हणायचे मला मळकाच बरा वाटतो. आज ते लवकर गेले म्हणून काढला. आणि मूठ उघडली.

मी मोजा उलटा करून टाच बघितली. निळा दोरा. लाल संपला होता म्हणून मी निळ्याने शिवलं होतं, गाठही वेडीवाकडी बसली होती, तू म्हणाला होतास, पोरीला बुटात खडा गेल्यासारखं होईल. ती गाठ बोटाला लागली आणि मी खालीच बसले.

वहिनी मग आत आल्या, दार लोटलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एका दमात, जणू मधे थांबल्या तर पुढचं निघणार नाही. दुपारी डबा द्यायला गेल्या तेव्हा त्यांनी गेटवरच नवऱ्याला विचारलं होतं, हा मोजा तुमच्या उशीत कसा. लंबूभावजी सायकलींच्या मागे बसून लहान पोरासारखे रडले म्हणे. त्या दिवशी चहाच्या खिडकीपाशी त्यांना तुझ्यासारखी पाठ दिसली, तोच निळा शर्ट. हंड्यातून शीळ येत नव्हती. त्यांना वाटलं, मोजेवाला बाहेर आला, चहा घेतोय, मोजा आजही विसरला. नेहमीसारखा त्यांनी तो काढून खिशात घातला. आता याला फिरवू म्हणून मनातल्या मनात हसत होते. तेवढ्यात सुपरवायझर ओरडत आला, पीठ फुगून चाललंय, मुहूर्त बघताय का. आणि त्यांनी खटका ओढला. हाक मारली नाही. आत वाकून बघितलं नाही.

शीळ का नव्हती ते मी सांगू शकते. पण कुणी मला विचारलंच नाही. दोन्ही हात कामाला लागायचे तेव्हा तू बॅटरी दातांत धरायचास. घरात पंखा दुरुस्त करतानाही तसंच, मी काही विचारलं तर नुसता हूं हूं करायचास आणि लाळ गळायची. दातांत बॅटरी असलेला माणूस शीळ कशी घालणार. आणि हाक तरी कशी देणार.

नंतर सगळी धावाधाव झाली तेव्हा लंबूभावजींच्या हातात तो मोजा सुपरवायझरने बघितला. त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, हा तू बघितला नाहीस, मीही बघितला नाही. नाहीतर तू आत जाशील आणि तुझ्यामागे मी. तो तर गेलाच.

मी वहिनींना विचारलं, मग मला का आणून दिलात. चुलीत घालायचा होता. वहिनी म्हणाल्या, उद्या तू बोलणार आणि मी पुढच्या ओळीत बसून डोळे पुसणार. माझ्याने ते होणार नाही. माझ्या नवऱ्याचं काय करायचं ते तू ठरव. पण तुझ्या नवऱ्याला विसरभोळा म्हणू नकोस. मग पदर तोंडाला लावून गेल्या. दारात परत वळल्या आणि म्हणाल्या, ते पण झोपत नाहीत गं.

तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाहीये. मोजा उशीखाली ठेवते, परत काढते, परत बघते, कुणी नेला तर नाही ना. आधी तुझा शर्ट खुंटीवरून काढला आणि त्याची माफी मागितली. तू विसरला नव्हतास. तू लावला होतास. एवढं कळल्यावर मला बरं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही, पाणी पिऊन होईपर्यंत. मग भीती आली. एकदा वाटतं कागदावर आहे तेच बोलावं. पोरीला छप्पर आहे, मला काम आहे, लंबूभावजींची दोन पोरं शाळेत जातात. तू काय, आहेस तिथे आहेस, तुला कोण विसरभोळा म्हणालं तर तुझं काय जातंय. मग पोरीकडे बघते. तुझं काही जात नाही, तिचं जातं. परत वाटतं, ओरडून सगळ्यांपुढे नाव घ्यावं, यांनी मारलं म्हणावं. पण मारलं नाही ना त्यांनी. हसत हसत केलं. आपणही हसायचोच की. तो चहा मीही प्यायलेय, कधी कधी ते घरीच यायचे वसूल करायला.

भिंतीपलीकडून बोलणं काही ऐकू आलं नाही, नुसता खोकला. मी इकडे फिरतेय, ते तिकडे खोकतायत. मघाशी बादली ठेवल्याचा आवाज झाला. आजही भरून आणली. पण रोज ठेवून लगेच पावलं जातात, आज गेली नाहीत. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मी कडीला हात लावून उभी होते. त्यांनी वाजवली नाही, मी काढली नाही. बऱ्याच वेळाने चप्पल ओढल्याचा आवाज आला. बादली अजून दारातच आहे.

तेव्हाच माझं ठरलं, म्हणजे ठरलं असं वाटतंय. मी कागद वाचणार नाही. कुणाचं नावही घेणार नाही. माझं नाव पुकारलं की मी सरळ हंड्यापाशी जाणार आणि खटक्याला मोजा बांधणार. नीट गाठ मारून. मग वळून सांगणार, हा त्याने लावला होता. तो विसरला नाही. एवढं बोलायला मला पाठांतर लागत नाही. आणि म्हणणार, आता मी लावलाय. ज्याने लावला, त्यानेच काढायचा, हा त्याचा नियम तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मोजा त्या दिवशी इथे होता असं कुणीतरी मोठ्याने म्हणेपर्यंत मी काढणार नाही आणि हंडा फिरणार नाही. कुणाच्या तोंडून निघतं ते मला बघायचंय. सुपरवायझरच्या निघो, लंबूभावजींच्या निघो. त्यांच्या निघालं तर मला वाटतं त्यांनाही झोप लागेल. मला त्यांना आत पाठवायचं नाही. मला फक्त ते मोजेवाला करणं बंद करायचंय.

तुझ्यापुढे खोटं कशाला बोलू, मी फार घाबरलेय. मला कुणापुढे मोठ्याने बोलायची सवय नाही. नळावर भांडण झालं तरी मी बादली उचलून घरी यायचे आणि मग तू आलास की तुला सगळी उत्तरं ऐकवायचे. हंडा बंद राहिला की पीठ वाया जाणार, गाड्या रिकाम्या उभ्या राहणार, बड्या साहेबांपुढे शोभा होणार. ते मला हाताला धरून बाजूला करतील. गेटवरच्या लोकांना बोलावतील. दुपारपर्यंत आपलं सामान बाहेर असेल कदाचित. असंही होईल की मी तिथे उभी राहीन, सगळे माझ्याकडे बघतील, आणि माझ्या तोंडून तो कागदच बाहेर पडेल, पाठ झालाय ना. म्हणून लिहून ठेवतेय. बोलता आलं नाही तरी लिहिलेलं राहील. मोजा लावला होता. मोजा लावला होता. मोजा लावला होता.

पोरगी कुशीवर वळली. तिच्यासाठी दूध तापवते. तुझा शर्ट आज मी अंगावर घेतलाय, वरून शाल, कुणाला दिसणार नाही. ग्रीसचा वास अजून गेला नाही कॉलरचा. तू हंड्यात उतरताना आधी एकदा मागे वळून खटक्याकडे बघायचास ना, लावलाय का म्हणून. मीही आज वळून बघणार आहे.

तुझीच,
आज पहिल्यांदा अभिमानाने, मोजेवाली

आता जो कोणी हे वाचत असेल त्याच्यासाठी. हे कागद मी पोरीच्या दुधाच्या पिशवीत, दुसऱ्या बाटलीखाली ठेवतेय. पोरगी रोजच्यासारखी शेजारी वहिनींकडे ठेवून जाईन. आज त्यांनी नाही म्हटलं तर कुणाकडे ते माहीत नाही, पण पिशवी तिच्याबरोबर असेल. पहिली बाटली संपली, दुसरी काढायची वेळ आली, म्हणजे मी अजून परतले नाही. यांना पत्र लिहायला बसले खरी, पण ते काही पिशवी उघडून वाचणार नाहीत, तुम्हीच वाचणार, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तर तुम्ही कुणीही असा, वहिनी असा, गेटवरचे असा, लंबूभावजी असा, एवढं करा. आमच्या दाराच्या मागे खडूने एक नंबर लिहिलाय, यांच्या अक्षरात. किल्ली चौकटीवर आहे. तो माझ्या भावाचा नंबर. त्याला फोन करा आणि पोरीला घ्यायला ये म्हणावं. जास्त काही सांगत बसू नका, घाबरून ट्रक जोरात हाणेल. एवढंच सांगा, ताईने मोजा लावलाय. त्याला कळेल, मी आत आहे.